क्रूझ कंट्रोलचा स्विच घरी बदलणे (कोरोला २००९–१३ आणि तिच्या भावंडांसाठी)

पाना_दहा

क्रूझ (पाय न लावता गाडीचा वेग धरून ठेवणारी यंत्रणा) चालेनासा झाला की बहुतेक जण पहिल्यांदा स्विच मागवतात आणि नंतर गाडी उघडतात. माझं म्हणणं उलट आहे. स्विच बदलणं हे तासाभराचं काम आहे, घरी नक्की करता येतं, पण आधी अर्धा तास मल्टिमीटर हातात घ्या. क्रूझ बंद पडण्याच्या कारणांत स्विच हे फक्त एक कारण आहे.

खालची माहिती २००९ ते २०१३ च्या कोरोलाची आहे. भारतातली त्याच पिढीची आल्टिस रचनेने जवळजवळ तशीच. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला खाली, घड्याळात चार वाजतात त्या जागी जी छोटी दांडी असते, तीच बऱ्याच टोयोटांमध्ये वापरलेली आहे. टोकाचं बटण चालू-बंद, दांडी खाली सेट (आत्ताचा वेग धरणे), वर रिझ्यूम (आधीचा वेग परत धरणे), स्वतःकडे ओढली की कॅन्सल.

या दांडीत चार वेगळे सिग्नल जात नाहीत. वेगवेगळ्या किमतीचे रेझिस्टर आहेत आणि किती ओहम दिसले त्यावरून ईसीएम (इंजिनाचा कंट्रोल संगणक) ओळखतो की काय दाबलं. दांडीच्या कनेक्टरच्या (तिथवर कसं पोचायचं ते खालच्या पायऱ्यांत) सिग्नल आणि अर्थिंग या दोन पिनांमध्ये मोजल्यावर हे आकडे यायला हवेत:

काही न दाबता: १० किलो-ओहमच्या वर
चालू-बंद बटण: जवळजवळ शून्य
रिझ्यूम: २३५ ते २४५ ओहम
सेट: ६१७ ते ६४३ ओहम
कॅन्सल: साधारण १५१० ते १५७० ओहम

दांडी दाबून धरा आणि हलकेच हलवा. आकडा स्थिर राहिला पाहिजे. ६३० च्या जागी ७०० ते ९०० मध्ये नाचत असेल तर आतले संपर्क झिजलेत, स्विच बदला. आकडे बरोबर असतील तर स्विच मागवू नका, दोष दुसरीकडे आहे.

पायऱ्या खाली प्रतिसादात देतो. इतर गाड्यांवर काम केलेल्यांनी भर घालावी.

---

ओहायोकर

वाखूसा (वाचनखूण साठवली). पायऱ्या येऊ द्या.

---

पाना_दहा

हत्यारं: १० मिमी पाना, टी-३० टॉर्क्स (तारकाकृती टोकाचा) बिट, दोन नंबरचा फुली स्क्रूड्रायव्हर (जेआयएस, म्हणजे जपानी मापाचा, मिळाला तर तोच घ्या), टोकाला टेप गुंडाळलेला बारीक चपटा स्क्रूड्रायव्हर, आणि छोटा टॉर्क पाना.

१. चाकं सरळ करून गाडी लावा. किल्ली काढा. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा आणि ते परत चिकटणार नाही असं बाजूला वळवा. मग किमान ९० सेकंद थांबा. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये कपॅसिटर असतो. अपघातात बॅटरी तुटली तरी बॅग फुटावी म्हणून तो चार्ज धरून ठेवतो. ते ९० सेकंद त्यासाठी आहेत.

२. स्टिअरिंगच्या डाव्या-उजव्या बाजूला, खालच्या अंगाला दोन छोटी प्लास्टिकची झाकणं आहेत. टेप लावलेल्या टोकाने अलगद उचका. आत टी-३० स्क्रू दिसेल.

३. दोन्ही टी-३० सैल करा, पण पूर्ण काढायच्या मागे लागू नका. ते आपल्या घरात अडकून राहतात. खोबण अडकली की फिरायचे थांबतात आणि पॅड (स्टिअरिंगच्या मधला, एअरबॅग असलेला भाग) सुटतो.

४. पॅड स्वतःकडे घ्या, पण ओढू नका. मागे वायर आहेत. हॉर्नची एक वायर, आणि एअरबॅगचे कनेक्टर. अमेरिकेतल्या गाड्यांत दोन टप्प्यांची बॅग असल्यामुळे कनेक्टरही दोन असतात. प्रत्येकाच्या मधोमध रंगीत लॉक आहे. ते आधी बारीक टोकाने वर उचलायचं, मगच कनेक्टर निघतो. लॉक न उचलता पक्कड लावली की कनेक्टरची कड तुटते, आणि तो कनेक्टर सुटा मिळत नाही.

५. पॅड नेताना त्याचा दर्शनी भाग अंगापासून लांब ठेवा. ठेवताना दर्शनी भाग वर, खाली सपाट आणि कोरडी जागा, वर काहीही ठेवू नका. पालथा ठेवला आणि दुर्दैवाने फुटला तर सगळा पॅड हवेत उडतो.

६. दांडी दोन फुली स्क्रूंवर आहे. कनेक्टर काढा, स्क्रू काढा, दांडी बाहेर.

७. नवी दांडी बसवा, वायर मूळ क्लिपांतूनच न्या. पॅडखाली किंवा हॉर्नच्या प्लेटखाली वायर दबली तर काही महिन्यांनी इन्सुलेशन फाटतं.

८. एअरबॅगचे कनेक्टर बसवून लॉक खाली दाबा. टक आवाज आला पाहिजे. टी-३० ला टॉर्क ८.८ न्यूटन-मीटर, म्हणजे साधारण ९० किलो-सेंटीमीटर.

९. बॅटरी जोडा. पहिल्यांदा किल्ली फिरवताना स्टिअरिंगसमोर चेहरा ठेवू नका, बाजूने हात घालून फिरवा. एअरबॅगचा दिवा लागेल आणि साधारण ६ सेकंदांनी विझेल. विझला नाही तर गाडी बाहेर काढू नका.

---

विद्युल्लता

दोन गोष्टी ठळक अक्षरांत लिहायला हव्या होत्या, म्हणून मी लिहिते.

एक: पॅड सुटलेला असताना किल्ली कधीही ऑन करू नका. "हॉर्न वाजतो का बघू" म्हणून बरेच जण करतात. युनिटला बॅगचं सर्किट उघडं दिसतं, दोषाचा कोड साठतो, आणि मग सगळं नीट जोडलं तरी दिवा जात नाही. एसआरएस (एअरबॅग यंत्रणा) वाचणारा स्कॅनर लागतो. साधा इंजिन कोड वाचणारा डोंगल पुरत नाही.

दोन: मल्टिमीटर फक्त दांडीच्या पिनांना लावा. एअरबॅगच्या पिनांना कधीच नाही. मीटर ओहम मोजताना स्वतःचा करंट सोडतो, आणि बॅगेच्या इग्नायटरला फार थोडा करंट पुरतो. पिवळ्या नळीतली वायर दिसली की मीटर दूर ठेवा.

---

सातारी_चाक

माहिती उत्तम आहे, पण माझा ठाम विरोध आहे. ज्याने कधी डोअर ट्रिम उघडलेली नाही अशा माणसाला एअरबॅग उघडायला सांगणं बरोबर नाही. तेल बदलणं वेगळं आणि स्फोटक असलेला भाग काढणं वेगळं. गॅरेजवाला या कामाचे फार पैसे घेत नाही.

---

पाना_दहा

सातारी_चाक, काळजी रास्त आहे. ज्याला टॉर्क्स बिट कोणता हे विचारावं लागतं त्याने थांबावं, हे मलाही मान्य. पण सगळ्या गॅरेजमध्ये ९० सेकंद पाळले जातात असं नाही. बॅटरी न सोडवता पॅड काढणारेही आहेत. स्वतः करा नाहीतर करून घ्या, समोर उभं राहून बॅटरीचं टर्मिनल निघालंय हे बघा.

---

ओहायोकर

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. हात लावण्याआधी एनएचटीएसएच्या (तिथल्या सरकारी रस्ता सुरक्षा संस्थेच्या) साइटवर गाडीचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून रिकॉल (दोषामुळे कंपनीने गाडी दुरुस्तीला बोलावणं) बघा. ताकाटा कंपनीच्या एअरबॅगचा रिकॉल एकट्या अमेरिकेत सुमारे ६.७ कोटी बॅगांचा होता. त्यांत अमोनियम नायट्रेटचा प्रोपेलंट (बॅग फुगवणारा स्फोटक पदार्थ) होता. उष्णता आणि दमटपणाने तो वर्षानुवर्षं खराब होतो, मग बॅग फुटताना धातूचं घर फुटून तुकडे आत येतात. तुमच्या गाडीवर तो रिकॉल बाकी असेल तर पॅडला घरी हात लावू नका. डीलर बॅग फुकट बदलून देतो. त्याच भेटीत स्विच स्वतः नेऊन बसवून मागा. पॅड निघालेलाच असतो, मजुरी नगण्य पडते.

---

विद्युल्लता

ओहायोकर +१. हा प्रतिसाद धाग्याच्या डोक्यावर हवा.

---

नवा_गडी

एक शंका. दांडीच्या मागचं छोटं कव्हर काढून दोन स्क्रू बाहेरूनच निघतात असं वाचलंय. मग एअरबॅग कशाला काढायची?

---

पाना_दहा

काही मॉडेलमध्ये स्क्रूपर्यंत खालून पोचता येतं, खरं आहे. पण दांडीचा कनेक्टर पॅडच्या मागे असतो. स्क्रू निघाले, दांडी लोंबकळली, आणि कनेक्टर हाताला लागत नाही, अशी अवस्था होते. मग वायर ओढली जाते. वायर कापून नवी जोडणारे लोक आहेत. फिरत्या स्टिअरिंगच्या आत सोल्डर केलेला जोड मला अजिबात पटत नाही.

---

किल्लेदार

स्विचआधी काय तपासायचं यावर सविस्तर लिहितो, कारण मूळ मुद्दा तोच होता.

चालू-बंद बटण दाबल्यावर डॅशबोर्डवर क्रूझचा दिवा लागतो का, इथून सुरुवात करा.

दिवा लागतो, पण सेट धरत नाही. सगळ्यात आधी वेग बघा. ताशी साधारण ४० किमीच्या (२५ मैलांच्या) खाली हे क्रूझ सेट होतच नाही. मग ब्रेकचा स्विच. पेडलच्या वर जो स्विच आहे त्याला चार पिना आहेत, म्हणजे आत दोन जोड्या. पेडल दाबलं की एक जोडी जुळते आणि दुसरी तुटते. पहिली मागचे दिवे लावते. दुसरी ईसीएमला सांगते की ब्रेकचं पेडल सोडलेलं आहे. त्यामुळे "माझे ब्रेकचे दिवे तर लागतात" एवढ्याने ब्रेक स्विच निर्दोष ठरत नाही. दुसरी जोडी गेली असेल तर दिवे झकास लागतील आणि क्रूझ मात्र धरणार नाही. चारही पिना पेडल सोडून आणि दाबून तपासा. मॅन्युअल गाडीत क्लचचा स्विचही याच रांगेत येतो.

दिवाच लागत नाही. आता दांडी किंवा क्लॉक स्प्रिंग. क्लॉक स्प्रिंग म्हणजे स्टिअरिंगमागची गुंडाळलेली चपटी केबल, चाक फिरलं तरी जोडणी टिकवणारी. सोबत हॉर्न अधूनमधून बंद, स्टिअरिंगवरची आवाजाची बटणं मेलेली, किंवा एअरबॅगचा दिवा लागलेला, यांपैकी काहीही असेल तर संशय आधी क्लॉक स्प्रिंगवर घ्या. एकटा क्रूझच बंद असेल तर दांडीवर.

इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला आहे. मग बाकी काही बघूच नका. बऱ्याच टोयोटांमध्ये तो दिवा असताना ईसीएम क्रूझ स्वतःहून बंद ठेवतो. आधी तो कोड सोडवा.

कोड वाचता येत असतील तर: पी-०५७१ ब्रेक स्विच, पी-०५०० वेगाचा सेन्सर, पी-०५७५ क्रूझचं इनपुट सर्किट. टोयोटाचं टेकस्ट्रीम हे तपासणीचं सॉफ्टवेअर असेल तर काम फार सोपं. लाइव्ह डेटामध्ये मेन, सेट, रिझ्यूम, कॅन्सल आणि ब्रेकचे दोन्ही स्विच वेगवेगळे दिसतात. दांडी दाबत राहायचं आणि पडद्यावर काय बदलतं ते बघायचं. पॅडला हात न लावता निकाल मिळतो.

---

मंद_गिअर

किल्लेदार साहेब, चार पिनांचा मुद्दा बहुतेक व्हिडिओंत कुठेच नसतो. धन्यवाद.

दांडी उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला तर? नवीन घ्यायची गरज काय?

---

विद्युल्लता

तात्पुरतं चालतं. आतलं ग्रीस वाळून कडक होतं आणि संपर्कांवर काळा थर बसतो. क्लीनरने थर जातो आणि आकडे जागेवर येतात. पण ग्रीसही धुऊन निघतं, मग कोरडे संपर्क आधीपेक्षा लवकर झिजतात. करायचंच असेल तर क्लीनर वाळू द्या आणि विद्युत संपर्कांसाठीचं ग्रीस अगदी कणभर लावा. गाडीत बसवलेल्या दांडीवर बाहेरून फवारा मारू नका. शेजारी एअरबॅगचे कनेक्टर आहेत.

त्यातही पॅड काढायचा खटाटोप तेवढाच. एकदा उघडलंय तर नवी दांडी घालून मोकळं व्हावं.

---

मंद_गिअर

पटलं. मग पार्ट नंबर?

---

पाना_दहा

८४६३२-३४०११, आणि त्याच्या जागी आलेला ८४६३२-३४०१७. तरी मागवण्याआधी आपल्या व्हीआयएनवरून खात्री करा. अडॅप्टिव्ह (पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा) क्रूझ असलेल्या गाड्यांची दांडी वेगळी असते.

डुप्लिकेट फार आहेत. पाकिटावरून काही कळत नाही, मीटरवरून कळतं. बसवण्याआधी टेबलावरच चारही आकडे मोजा. २४० च्या जागी २६० दाखवणारी दांडी परत पाठवा. ईसीएमला थोडी सूट चालते, पण क्लॉक स्प्रिंगचा आणि जुन्या कनेक्टरचा रोधही त्यात मिळतो, आणि मग उन्हात तापल्यावर क्रूझ आपोआप सुटायला लागतो.

---

कार्बोरेटर_युग

स्क्रूबद्दल थोडं. जपानी गाड्यांचे फुली स्क्रू जेआयएस मापाचे असतात. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण तळाला बसत नाही आणि जोर दिला की वर सरकतं. स्क्रूचं डोकं खराब होतं ते यामुळे. जेआयएस नसेल तर फिलिप्सचं अगदी टोक कानशीने जरा घासून सपाट करा, आणि फिरवण्यापेक्षा दाबण्यावर जास्त जोर द्या.

अवांतर: क्रूझ कंट्रोलचं पेटंट राल्फ टीटर यांचं, १९५० चं. ते लहानपणापासून अंध होते. क्रायस्लरने १९५८ च्या गाड्यांत तो पहिल्यांदा दिला.

---

ओहायोकर

अवांतरात अजून एक, पण हे उपयोगाचं. जुनी फोर्ड असणाऱ्यांनी नीट वाचावं.

फोर्डच्या १९९० च्या दशकातल्या आणि २००० नंतरच्या बऱ्याच गाड्यांत, एफ-१५० पिकअप धरून, क्रूझ बंद करणारा आणखी एक स्विच ब्रेकच्या हायड्रॉलिक यंत्रणेत, बहुधा मास्टर सिलिंडरपाशी होता. त्यात एका बाजूला ब्रेक ऑइल, दुसऱ्या बाजूला विजेचे संपर्क, आणि मध्ये पातळ पडदा. काही वर्षांनी पडद्याला चीर गेली की ऑइल संपर्कांत उतरायचं आणि गंज चढायचा. त्या स्विचला किल्ली बंद असतानाही सतत वीज होती, त्यामुळे उभी केलेली गाडी पेट घ्यायची. १९९९ पासून टप्प्याटप्प्याने रिकॉल झाले. २००५ मध्ये सुमारे ३८ लाख गाड्या, २००९ च्या ऑक्टोबरमध्ये आणखी ४५ लाख, आणि सगळे मिळून १.४ कोटींच्या वर.

उपाय म्हणून फ्यूज असलेला छोटा वायरिंगचा तुकडा मध्ये घालतात. सेकंडहँड जुनी फोर्ड घेत असाल तर व्हीआयएनवर हा रिकॉल झालाय का ते बघा. झाला नसेल तर तो पूर्ण होईपर्यंत गाडी घराला चिकटलेल्या गॅरेजमध्ये लावू नका.

---

सातारी_चाक

बाप रे. ही माहिती नव्हती.

---

चाकणचा_चक्रधर

फोक्सवॅगन-स्कोडाच्या जुन्या गाड्यांचं वेगळं आहे, म्हणून भर घालतो. तिथे क्रूझचा सरकता स्विच इंडिकेटरच्याच दांडीवर असतो आणि ती दांडी कॉलमवर. म्हणजे एअरबॅग तर काढायचीच, वर स्टिअरिंगचं चाकही काढायचं. मधला बोल्ट काढण्याआधी चाक आणि शाफ्टवर खूण करा, नाहीतर चाक एक दात तिरकं बसतं. क्लॉक स्प्रिंग फिरू नये म्हणून टेप लावा.

मूळ गाडीत क्रूझ नसताना नुसती दांडी घालून भागत नाही. स्टिअरिंगच्या १६ नंबरच्या मॉड्यूलचं कोडिंग बदलावं लागतं. त्या काळच्या बऱ्याच इंजिन ईसीयूंमध्ये (इंजिनाच्या संगणकांत) स्कॅनरने ०१ नंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या मॉड्यूलवर जाऊन लॉगिन ११४६३ दिला की क्रूझ सुरू होतो. १६१६७ दिला की बंद. खराब दांडी बदलली असेल तर कोडिंगला हात लावायची गरज नाही.

---

नवा_गडी

टोयोटाच्या खालच्या मॉडेलमध्ये क्रूझ नसतो. तिथे ही दांडी घातली तर चालेल का?

---

किल्लेदार

पॅड काढल्यावर दिसेल. दांडीच्या जागेजवळ वापरात नसलेला कनेक्टर लोंबत असेल, तर वायरिंग तयार आहे. दांडी लावा, पॅडमागचं दांडीपुरती खाच असलेलं कव्हर घ्या, सगळं परत जोडून मगच बटण दाबा. बऱ्याच मॉडेलमध्ये ईसीएम ती ओळखतो आणि दिवा लागतो. कनेक्टर नसेल तर क्लॉक स्प्रिंग आणि पुढचं वायरिंग दोन्ही लागतं. तेव्हा मात्र घरी करू नका. आणि गाडी वॉरंटीत असेल तर डीलरला आधी लेखी विचारा.

बसवल्यावर चाचणी मोकळ्या, सरळ रस्त्यावर. सेट करा, मग ब्रेकला नुसता पाय टेकवा. क्रूझ तत्क्षणी सुटला पाहिजे. नाही सुटला तर दांडीचं बटण बंद करा आणि ब्रेक स्विच दुरुस्त होईपर्यंत क्रूझ वापरू नका. समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे, तिथे क्रूझ लावून जाणारे पुष्कळ आहेत. पण पाऊस सुरू झाला की बंद करा. पाण्यावर टायर तरंगला तरी क्रूझ वेग टिकवायलाच बघतो.

---

प्रियस_वहिनी

हायब्रिडवाल्यांसाठी: दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये १२ व्होल्टची बॅटरी मागे, डिकीत आहे आणि डिकीचं कुलूप विजेवर चालतं. टर्मिनल सोडवून डिकी आपटलीत तर आतच अडकेल. काम संपेपर्यंत डिकी उघडी ठेवा. केशरी जाड वायरींचा या कामाशी संबंध नाही, त्यांना हात लावू नका.

---

मंद_गिअर

मोजलं. रिझ्यूम २४१, सेट ६२९, कॅन्सल १५३८, आणि तिन्ही स्थिर. तरी क्रूझचा दिवा लागत नाही. म्हणजे क्लॉक स्प्रिंग?

---

पाना_दहा

चालू-बंद बटण दाबून किती येतं ते लिहिलं नाहीत.

---

मंद_गिअर

कधी ४०, कधी ११०. जोरात दाबलं तर १२.

---

पाना_दहा

मग दांडीच. शून्याजवळ यायला हवं. त्या बटणाचा संपर्क सर्वांत जास्त वापरला जातो, म्हणून बाकी तिन्ही चांगले असताना तोच आधी जातो. हॉर्न आणि आवाजाची बटणं चालतात ना?

---

मंद_गिअर

दोन्ही व्यवस्थित. एअरबॅगचा दिवाही वेळेवर विझतो.

---

विद्युल्लता

मग क्लॉक स्प्रिंगला हात लावू नका, दांडी मागवा. बॅटरी जोडल्यावर ड्रायव्हरच्या खिडकीचं ऑटो चालत नसेल तर घाबरू नका. काच पूर्ण वर करून बटण काही सेकंद वरच ओढून धरा, ते पुन्हा शिकतं. स्टिअरिंगचं चाक काढलेलं नसल्यामुळे अँगल सेन्सरचं (चाक किती वळलंय ते मोजणाऱ्या सेन्सरचं) काही करायला लागत नाही.